ती काय ओरडत होती

"पोरगी माझ्याजवळ आहे. बाईलाही धरलंय. तू ये फक्त."

आप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये एका बाईंचं रक्त काढत होते. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता. कोणती बाई, कोणती पोरगी, मला काही कळेना. आप्पांचा आवाज मात्र मला आठवतो. आई गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. भरदार, मोकळा. काहीतरी मोठं काम पार पाडल्यासारखा.

मी विचारलं, मैत्रेयी बरी आहे ना? ते म्हणाले, "वाचवली मी तिला. शाळेपासून घेऊन चालली होती. तोंड बांधलेलं. आता लोकांच्या ताब्यात आहे."

मी सुई काढली, कापूस दाबला आणि पळत सुटले. लॅबपासून माझ्या मुलीच्या, मैत्रेयीच्या, शाळेचं वळण फार लांब नाही. पण मार्चचं ऊन होतं आणि डोक्यात एकच गोष्ट होती: आज मैत्रेयीला शाळेतून आणायला मी प्रणिताला पाठवलं आहे.

प्रणिता म्हणजे माझी धाकटी नणंद, माझा नवरा विलास याची बहीण. धुळ्याला बालवाडीत शिकवायची. त्या दिवशी तिच्या शाळेला सुट्टी होती म्हणून सकाळच्या गाडीने चाळीसगावला आली, न सांगता. तिची सवयच ती. सरळ लॅबमध्ये आली, माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली आणि म्हणाली, वहिनी, आज मैत्रूला मी आणते. मैत्रेयी पहिलीत होती. रोज तिला आप्पा आणायचे. पण रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती, सकाळी रक्तदाब वाढला होता, म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं की आज पडून राहा, मी बघते. प्रणिता जाणार हे सांगायला मी त्यांना फोन लावला. लागेना. परत लावला. व्यस्त. शाळेत बाईंना कळवलं, प्रणिता ऊन लागू नये म्हणून डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ बांधून निघाली, आणि मी कामाला लागले.

आप्पांचा फोन व्यस्त का होता ते मला नंतर कळलं. ते नातेवाइकांना एकेक करून फोन करत होते. मुलं सांभाळा म्हणून. आणि मग न राहवून स्वतःच शाळेकडे निघाले होते.

वळणावर टायरच्या दुकानापुढे गर्दी होती. गर्दीच्या कडेला आप्पा उभे होते आणि मैत्रेयीला त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलं होतं. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा. मला बघून आप्पा हसले. खरंच हसले. मी त्यांना ओलांडून आत घुसले.

प्रणिता जमिनीवर बसली होती, एक पाय वाकडा घेऊन. स्कार्फ कुणाच्या तरी हातात होता. एका कानातून रक्त येऊन मानेवर आलं होतं. एक माणूस तिचे केस धरून उभा होता आणि दुसरा मोबाइलवर चित्रीकरण करत होता. तिने माझ्याकडे बघितलं, पण ओळख दिसली नाही तिच्या डोळ्यांत. मी तिच्या अंगावर पडले. तसंच म्हणावं लागेल. माझ्याही पाठीत एक लाथ बसली. मी ओरडत राहिले की ही माझी नणंद आहे, ही तिची आत्या आहे. लोकांना ते समजायला वेळ लागला. मग एकेक जण मागे सरकला, आणि पोलीस आले तोवर दुकानापुढे टायर सोडून काही उरलं नव्हतं.

आप्पा तिथेच होते. म्हणाले, "ही विलासरावांची बहीण?"

मी मैत्रेयीला त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

*

आप्पांबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे कुणाला खरं वाटणार नाही.

माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. गाडी बंद पडली आणि शेवटची बस चुकली तर अडकलेल्या प्रवाशांना घरी घेऊन यायचे. लहानपणी कितीदा तरी मी सकाळी उठून बघायचे तर पुढच्या खोलीत अनोळखी माणसं झोपलेली. एकदा बंगालकडचं एक कुटुंब दोन दिवस राहिलं होतं. त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना येईना. आई कुरकुरायची की चोर निघाले तर? आप्पा म्हणायचे, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय, तुझी भाकरी?

आई गेली आणि माझ्या भावाने, हेमंतने, पुण्याहून त्यांना मोठा टीव्ही पाठवला. घर बोलतं राहील, म्हणाला. घर बोलतं राहिलं. सकाळी उठल्यापासून बातम्या. जेवताना बातम्या. मी आणि मैत्रेयी त्यांच्याकडेच राहायचो, कारण विलासची नोकरी नाशिकला आणि तो शनिवारी यायचा. पहिले काही महिने मला बरंच वाटलं. माणूस गुंतलेला आहे, रडत नाही. मग हळूहळू त्यांनी फाटकाला साखळी लावली. दूध आणणाऱ्या मावशींना दारातच थांबवू लागले, आत ओट्यापर्यंत येणं बंद. हायवेवर कुठेतरी अपघात झाला की मला लॅबमध्ये फोन, तू कुठे आहेस. मी म्हणायचे, आप्पा, तो अपघात तमिळनाडूत झालाय. ते म्हणायचे, हो, पण इथेही होऊ शकतो.

आणि मग टीव्हीवर ती मुलं पळवणारी टोळी आली. कोट घातलेला एक निवेदक होता त्या चॅनलवर. रोज संध्याकाळी तो टेबलावर हात आपटून विचारायचा की तुमची मुलं सुरक्षित आहेत का. मागे एक अंधुक चित्रफीत चालायची: तोंड बांधलेली बाई, हातात पिशवी, बाजूला मूल. बाईभोवती लाल वर्तुळ. कुठल्या गावातली, कधीची, काही सांगत नव्हते. तीच बाई सोमवारी एका राज्यात असायची आणि बुधवारी दुसऱ्या. मी एकदा आप्पांना म्हटलं की ही सारखी तीच चित्रफीत आहे. त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "तू दिवसभर कामाला असतेस," म्हणाले. "तुला माहीत नाही बाहेर काय चाललंय."

माझे वडील दिवसभर घरात असायचे. मी बाहेर असायचे.

*

प्रणिताला सरकारी दवाखान्यात नेलं. पायाचं हाड मोडलं नव्हतं. बरगडीला मार होता. डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतही इजा होती. डॉक्टर म्हणाले, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा, पण आशा फार धरू नका.

बायकांच्या वॉर्डात भिंतीवर एक टीव्ही होता. दुपारी मी प्रणिताला पाणी पाजत होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने एकदा टीव्हीकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि आपल्या तान्ह्या बाळाला उचलून ती पलीकडे गेली. मी वर बघितलं. टायरचं दुकान. जमिनीवर प्रणिता. तिच्याभोवती लाल वर्तुळ. खाली ओळ होती: मुलं पळवणाऱ्या टोळीचा खानदेशात शिरकाव? शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह लावलं की कुणाबद्दल काहीही म्हणता येतं.

प्रणितानेही बघितलं. चादर तोंडावर ओढून घेतली.

तो व्हिडिओ पाठवणारा माणूस मला ठाऊक होता. स्टेशन रोडवर मोबाइलचं दुकान आणि चॅनलचं बातमीदारपद, दोन्ही चालवायचा. मी त्याच्याकडे गेले. तो अदबीने बोलला, खुर्ची दिली. म्हणाला, ताई, मी फक्त क्लिप पाठवली, खालची ओळ तिकडे लिहितात. मी म्हटलं, लिहिणाऱ्याचा नंबर दे. त्याने नंबर दिला. तिकडे एक मुलगी बोलली, तीही अदबीने. मी तिला सांगितलं की तुम्ही जिला दाखवताय ती त्या मुलीची सख्खी आत्या आहे, पोलिसांनाही ते कळलंय, बातमी काढा. ती म्हणाली, मॅम, पोलिसांची अधिकृत बाजू आली की आम्ही अपडेट करू. मी विचारलं, टोळीची अधिकृत बाजू आली होती का? ती म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे.

संध्याकाळी कोटवाल्याने ती क्लिप पुन्हा दाखवली. या वेळी सावकाश गतीने, सतर्क नागरिकांचं कौतुक करत.

हे मला कसं कळलं? कारण मैत्रेयीचे कपडे घ्यायला मी घरी गेले तेव्हा आप्पा ते बघत होते. दुपारी पोलिसांसमोर ते रडले होते, कपाळावर हात मारून घेतला होता. आता खुर्चीत पुढे वाकून बसले होते. मी दारात उभी राहिले. माझी चाहूल लागल्यावर ते म्हणाले, "ज्योत्स्ना, यांच्याकडे काहीतरी माहिती असेल. उगीच नाही दाखवत."

माझी नणंद, जिला माझ्या लग्नात या माणसाने स्वतः पंगतीत जिलेबी वाढली होती. मी टीव्हीची तार भिंतीतून ओढून काढली आणि म्हटलं, "चपला घाला. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तिच्यासमोर. तिथे जे सांगायचं ते सांगा."

*

आम्ही पोचलो तेव्हा वॉर्डात विलास येऊन बसला होता. आप्पांना बघून तो उठला आणि बाहेर निघून गेला. त्याने त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर काय बोलला असता ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याला अडवलं नाही. मैत्रेयी प्रणिताच्या पायाशी झोपली होती.

आप्पा खाटेजवळ उभे राहिले. हात जोडले. चूक झाली पोरी, म्हणाले, म्हातारपणी नजर धड नाही, तोंड बांधलेलं होतं, ओळखता आलं नाही. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. प्रणिताने त्यांना बोलू दिलं. ते थांबल्यावर तिने मान वळवून चांगला कान त्यांच्याकडे केला.

"मला माफी नकोय, आप्पा. एक विचारायचंय. मैत्रू ओरडत होती. तुम्ही तिला माझ्या हातातून ओढलंत तेव्हापासून. ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

माझ्या मनात आलं, आता नाही म्हणा. गर्दी होती, गोंधळ होता, ऐकू आलं नाही म्हणा. मी त्यांची मुलगी होते, मला ते खोटं हवं होतं.

"आलं होतं," आप्पा म्हणाले.

"काय ओरडत होती ती?"

"आत्या. आत्याला मारू नका म्हणत होती."

मी खाटेची कड धरली. तोवर मला वाटत होतं की एका घाबरलेल्या म्हाताऱ्याने स्कार्फ बघितला आणि गफलत झाली. दिवसभर मी तेवढंच सांगत होते सगळ्यांना.

"मग?" प्रणिताने विचारलं.

आप्पांनी मला उद्देशून उत्तर दिलं, जणू मी तरी समजून घेईन. टीव्हीवर सांगितलं होतं, म्हणाले. त्या बायका रुमालाला काहीतरी लावतात. मुलांना त्याचा वास देतात. मग मुलं त्यांनाच आत्या म्हणतात, मावशी म्हणतात, सोडायला तयार होत नाहीत. मूल जितकं ओरडेल तितकं समजा की औषध लागलंय. "तिने तसंच केलं, ज्योत्स्ना. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच. म्हणून तर माझी खात्री पटली."

वॉर्डात तेवढ्यात कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेली. प्रणिताने तोंड भिंतीकडे केलं.

सहा वर्षांच्या पोरीने जगातली सगळ्यात सरळ गोष्ट सांगितली होती. ही माझी आत्या आहे. तिच्या सख्ख्या आजोबांनी ती ऐकली, आणि एका परक्या, कोट घातलेल्या माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं की ते ऐकायचं नाही. त्या माणसाला माझ्या पोरीचं नावही ठाऊक नव्हतं. पण तिच्या ओरडण्याचा अर्थ त्याने ठरवून टाकला होता. ती जितकी जीव तोडून ओरडली तितकी प्रणिता जास्त मार खात गेली.

मी आप्पांना म्हटलं, घरी जा. ते एकटेच गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयीचे केस विंचरत होते. तिचा आवाज अजून पुरता आला नव्हता. कुजबुजत म्हणाली, "मम्मी, मी हळू ओरडले का गं?"

मी तिची वेणी घातली. रिबिन बांधली. तिला शेजारच्या काकूंकडे बसवलं आणि पोलीस ठाण्यात गेले.

फौजदार माझ्याच वयाचा होता. त्याच्याकडे टायरवाला, केस धरणारा आणि आणखी काही जणांची नावं होती. सुरुवात कुणी केली, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. मी सांगितलं. रघुनाथ भामरे, माझे वडील. पोर पळवणारी म्हणून पहिली हाक त्यांनी दिली, आणि मूल आत्या म्हणत असल्याचं ऐकूनही ते गप्प राहिले. फौजदाराने पेन खाली ठेवलं. म्हणाला, ताई, वडील आहेत, वय झालंय, हे वगळून जबाब देता येईल. मी म्हटलं, लिहा. आणि त्या चॅनलचंही नाव लिहा. तो म्हणाला, वडिलांचं लिहितो. चॅनलचं कलम मला सापडेल असं वाटत नाही.

त्यालाही राग आला होता, एवढं मला दिसलं. चॅनलचं नाव आरोपपत्रात शेवटपर्यंत आलं नाही. अपडेटही कधी आलं नाही.

हेमंतने माझ्याशी बोलणं टाकलं. जन्मदात्याला कोर्टात उभं केलंस, म्हणाला. मी त्याला विचारलं की टीव्ही कुणी पाठवला होता, आणि तो आमचा शेवटचा फोन ठरला. विलासने मात्र मला एका शब्दानेही काही म्हटलं नाही. मी आणि मैत्रेयी भाड्याच्या खोलीत राहायला गेलो.

आप्पांना जामीन मिळाला. नंतर त्यांची तब्येत फार ढासळली. जेवेनात, दाराच्या आवाजाने दचकायचे. मी जळगावच्या सिव्हिलमधल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना नेऊ लागले, कारण दुसरं कुणी नेणारं नव्हतं. त्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, या माणसाने दोन वर्षं रोज दहा-बारा तास भीती खाल्ली आहे. ज्याच्या घरात बारा तास चोर शिरत असतात त्याला शेजारीही चोर दिसतो. शरीराला कळत नाही की चोर पडद्यावर आहे. तेही आजारीच आहेत, असं त्यांनी मला समजावलं.

मला ते पटलं. अजूनही पटतं. गोळ्या मीच आणून द्यायचे, वेळेवर घेतल्या का ते फोनवर विचारायचे. टीव्ही त्यांनी स्वतःच विकून टाकला. झोप लागू लागली. वर्षभराने दूधवाल्या मावशी पुन्हा ओट्यापर्यंत जाऊ लागल्या. पण आजारी माणसाची सेवा करताना राग जातो, असं जे म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत झालं नाही. आणि तो राग एकट्या आप्पांवर ठेवून भागतही नव्हतं. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसून मोबाइलवर तोच कोटवाला ऐकायची. रक्तदाब मोजला की वाढलेला असायचा. मी फोन बंद करायला सांगितला तर म्हणायची, ताई, बातम्याच तर आहेत.

प्रणिताच्या डाव्या कानाने तिला पुन्हा ऐकू आलं नाही. बालवाडी तिने सोडली. म्हणाली, पोरं कुठून हाक मारतात तेच कळत नाही, आणि हाक कळली नाही की जीव घाबरा होतो.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. तारखेला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. प्रणिता बाकावर होती, तिच्या उजव्या हाताला तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी मागे उभी होते. आप्पा काठी टेकत आले आणि प्रणिताच्या डाव्या बाजूला, मोकळ्या जागेवर बसले. कोणता कान गेलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही; आरोपपत्रात होतं, वकिलाने वाचून दाखवलं होतं. ते समोर बघत बोलू लागले. हळू आवाजात, बराच वेळ. मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी नजरेचं कारण सांगितलं नाही, टीव्हीचंही नाही. आपण काय केलं ते क्रमाने सांगितलं आणि शेवटी म्हणाले की कोर्टाने विचारलं तर असंच सांगणार आहे. प्रणिता हलली नाही. मानही वळवली नाही. मग पुकारा झाला, आणि आप्पा उठून गेले. आत त्यांनी खरंच तसंच सांगितलं, वकिलाने डोळे वटारले तरी.

परत येताना रिक्षात प्रणिताने मला विचारलं, "व्हरांड्यात काय म्हणत होते ते?"

मी म्हटलं, "विचारायचं होतंस त्यांना. परत सांगितलं असतं."

"मी का विचारू, वहिनी?" ती उजव्या कानाला हात लावून म्हणाली. "त्यांनी या बाजूला येऊन बसायचं होतं."